तौक्तेचा डोळा

[दृश्य: उपग्रहाचं करडं चित्र. कोपऱ्यात तारीख, १७ मे २०२१]

अरबी समुद्रावरचा हा पांढरा भोवरा बघा. त्याच्या मधोमध काळा ठिपका आहे. तो ‘तौक्ते’ चक्रीवादळाचा डोळा.

चित्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून घेतलेलं आहे. इन्सॅट-३डी आणि इन्सॅट-३डीआर हे भारताचे हवामान उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून भारतावरची त्यांची नजर हलत नाही. तेव्हा दोघं आळीपाळीने चित्रं घेत, अगदी रात्रीसुद्धा. कारण इथे उजेड नाही, उष्णता टिपली जाते. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि चित्रात तितकाच पांढरा. डोळ्यात मात्र हवा वरून खाली उतरते, दाबाने तापते, ढग विरतात. खालची ऊब वरपर्यंत दिसते, म्हणून डोळा काळा.

डोळा आणि भोवतालचे माथे यांच्या तापमानातला फरक वाढला, की वादळ बळावलं असं समजायचं. १९७० च्या दशकात अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी बसवलेली ही पद्धत आपलं हवामान खातं आजही वापरतं. भर समुद्रात वारा मोजायला जाणार तरी कोण?

[दृश्य: चित्र मोठं होत जातं, चौकोन दिसू लागतात]

यातला एकेक चौकोन म्हणजे साधारण चार किलोमीटर. आदल्या दिवशी सिंधुदुर्गात आडवी झालेली आंब्याची कलमं यात दिसणार नाहीत. ज्याची बाग गेली, त्याचं दुःख इतक्या उंचीवरून दिसत नाही, हे हे चित्र बघताना सारखं मनात येतं.

आणि दिसतो तोही फक्त माथा. वादळ घडत असताना वरचे हिमकणांचे पातळ ढग पुष्कळदा डोळाच झाकून टाकतात. तेव्हा मायक्रोवेव्ह टिपणारे उपग्रह कामी येतात. या लहरी पातळ ढगांतून आरपार येतात, पण जोरदार पावसाच्या ढगांमधल्या मोठ्या हिमकणांवर आपटून विखुरतात. त्यामुळे डोळ्याभोवतीचं पावसाचं कडं उठून दिसतं. अडचण अशी, की हे उपग्रह खालून, भराभर फिरतात. एकाच वादळावर दिवसातून मोजक्याच वेळा येतात. मधल्या तासांत अंदाज बांधणाऱ्याला माथ्यावरूनच पोटातलं ओळखावं लागतं.

[दृश्य: १७ मेच्या रात्रीची चित्रं, एकामागून एक]

दुपारी कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला होता. रात्री डोळा दीवच्या पूर्वेला किनाऱ्यावर चढला. खालचा समुद्र सुटला. आता बघा, काळा ठिपका भरत चाललाय. आधी करडा, मग पांढरा.