रबराच्या वडीवरचा रोहित

(माहितीपटाचे निवेदन. सुमारे १२ मिनिटे.)

(दृश्य: खिडकीतून आलेले सकाळचे ऊन. टेबलावर पांढऱ्या रबराची वडी. कोरणीचे टोक वडीत शिरते. पहिली काही सेकंदे निवेदन नाही.)

पडद्यावर दिसते आहे ते खोडरबर आहे. शाळेच्या दप्तरात असते त्याच जातीचे, केवळ आकाराने मोठे, अंगाच्या साबणाच्या वडीएवढे. पेन्सिलीने काढलेल्या रेघेला लागून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची कोरणी पुढे सरकते आहे आणि तिच्या तोंडातून रबराची पांढरी, बारीक वळी शेवयांसारखी बाहेर पडत आहेत. कोरणारा हात जवळजवळ स्थिर आहे; फिरते आहे ती वडी. वळणाची रेघ कोरताना हत्यार वळवायचे नाही, माल वळवायचा, हा या टेबलावरचा पहिला नियम आहे आणि नव्याने आलेली प्रत्येक जण तो पहिल्याच दिवशी मोडते.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे घर आहे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेकडे दर शनिवारी दुपारी सात-आठ जणी जमतात. काही याच भागातल्या आहेत, एक घोडबंदर रस्त्यावरून बसने येते, तर दोघी ट्रान्स हार्बरच्या गाडीने ऐरोली आणि नेरुळहून येतात. सगळ्या त्यांना बाई म्हणतात, अगदी त्यांच्याहून वयाने मोठी असलेली एक जणसुद्धा. रबरी ठसे कोरून हाताने शुभेच्छापत्रे तयार करणे, हे इथले काम.

(दृश्य: ठशांचा तयार संच. झाकण उघडते.)

कामाची सुरुवात या डब्यातून झाली. बाईंच्या भाचीने हौसेने आणलेला हा परदेशी ठशांचा संच आहे. त्यात सूचिपर्णी झाड आहे, बर्फाचा माणूस आहे, रेनडिअर आहे, शेकोटीजवळ टांगायचा मोजा आहे आणि घरांच्या छपरांवर साचलेला बर्फ आहे. आकाशकंदील नाही, पणती नाही, गुढी नाही. ठसे उत्तम आहेत, रेघ स्वच्छ आहे, तक्रार करण्यासारखे त्यांत काही नाही. मात्र दिवाळीच्या कार्डावर काय उमटवायचे, हा प्रश्न त्या डब्याने सोडवला नाही. बाईंनी त्या दिवशी खोडरबर घेतले आणि ब्लेडने एक पणती कोरली. ती पणती आजही टेबलावर आहे, वात थोडी वाकडी आहे आणि ती कोणी सुधारलेली नाही.

छापील नाताळकार्डाची कुळकथा लंडनमध्ये सुरू होते. हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला सणाच्या पत्रांना उत्तरे लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने १८४३ साली चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या आणि त्या एका शिलिंगला एक या दराने विक्रीलाही ठेवल्या. वेळ वाचवण्यासाठी निघालेल्या वस्तूवर आज नौपाड्यात कोणी अख्खी दुपार घालवते, ही त्यातली गंमत. त्या पहिल्या कार्डावर बर्फाचा माणूस नव्हता. मधोमध मेजवानीला बसलेले एक कुटुंब होते आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची चित्रे होती. हॉर्सली यांनी आपल्या अवतीभोवतीची माणसे काढली होती. बाई नेमके एवढेच मागत आहेत.

(दृश्य: जुना पत्र्याचा डबा. पिवळी पडलेली लहान कार्डे. एका कार्डावर तपकिरी डाग.)

आणि आपल्याकडे कार्डांची रीत नव्हती असेही नाही. मराठी घरांतून संक्रांतीला लहान, रंगीत कार्डे टपालाने जात असत. त्यांवर तिळगुळाच्या दोन ओळी असत, खाली सगळ्या कुटुंबाची नावे आणि घडीत चिमूटभर तिळगूळ किंवा हलव्याचे चार-पाच दाणे. पडद्यावर दिसणारा डाग अशाच एका दाण्याचा आहे. प्रवासात तो विरघळला आणि कागदाने तो धरून ठेवला. पुढे १९७९ साली सुरू झालेल्या आर्चीजसारख्या कंपन्यांची चकचकीत कार्डे घरोघरी आली, नंतर मोबाइल आला आणि पाकिटातला हलवा बंद झाला.

(दृश्य: कोर्ट नाका. वकिलांची वर्दळ. शिक्के तयार करणारे दुकान.)

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर रबरी शिक्क्याला वेगळाच मान आहे, कारण तो बसल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली कच्च्या रबरात गंधक मिसळून तापवल्यास ते टिकाऊ होते असे आढळले आणि रबराचा शिक्का शक्य झाला. सुरुवातीच्या काळात हे शिक्के चक्क दातांच्या कवळ्यांचे रबर भाजण्याच्या भांड्यांत तयार केले जात. आता लेझरचा किरण अक्षराभोवतीचे नको असलेले रबर जाळून टाकतो आणि अक्षर तेवढे उंच उरते. यंत्रातून निघालेल्या शिक्क्यावरची काळी भुकटी हा कारागीर जुन्या दात घासण्याच्या ब्रशने झटकतो आहे. बाई पहिल्यांदा त्याच्याकडे आपट्याच्या पानाचे चित्र घेऊन गेल्या तेव्हा त्याने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, “मॅडम, पदनाम काय टाकायचं?”

दुकानाची मदत बाई आजही घेतात, परंतु केवळ अक्षरांसाठी. देवनागरी अक्षर खोडरबरावर हाताने कोरणे हा शिक्षेचा प्रकार आहे. शिरोरेघ बारीक असते, वेलांटी एका टोकावर उभी असते आणि अनुस्वार तर सगळ्यांपासून सुटलेला, एकट्याने उभा असलेला ठिपका असतो. ‘संक्रांत’ या एका शब्दात असे दोन ठिपके आहेत आणि कोरणी जराशी घसरली की पहिले तेच उडतात. त्यामुळे शब्द लेझरचे आणि चित्र हाताचे, अशी वाटणी इथे ठरून गेली आहे.

(दृश्य: ठाण्याची खाडी, ऐरोलीची बाजू. ओहोटी. चिखलावर रोहित पक्ष्यांचा थवा. इथे वीस सेकंद फक्त पक्ष्यांचा आवाज.)

ऐरोलीच्या बाजूने दिसणारी ही ठाण्याची खाडी आहे. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात येणारे हे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उन्हाळा संपेपर्यंत चिखलात चोच उलटी धरून चरत असतात. ऐरोलीहून येणाऱ्या ताईंना गाडीच्या खिडकीतून खाडी ओळखीची आहे आणि कार्डासाठी त्यांनी हाच पक्षी निवडला. निवड देखणी होती, पण नवशिक्यासाठी अवघड. कारण हा पक्षी म्हणजे दोन काड्या आणि एक वळलेली दोरी.

चित्र प्रथम पारदर्शक बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढले जाते. मग तो कागद पालथा घालून वडीवर ठेवायचा आणि नखाने घासायचा. पेन्सिलीचे शिसे रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे होते. छापले की पुन्हा सुलटे. हे ध्यानात न ठेवता कोणी थेट वडीवर चित्र काढले, तर पक्षी मनात होता त्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभा राहतो. पक्ष्याचे चालून जाते, अक्षराचे चालत नाही.

(दृश्य: टेबल. ताईंच्या हातातली वडी. मान मधोमध तुटलेली. मूळ संवाद ठेवावा.)

“बाई, माझ्या रोहितची मान तुटली.”

“तुटली नाही गं, तू ती खालून पोखरलीस. रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार ठेव. डोंगराला असतो तसा. वर निमुळतं, खाली रुंद.”

कोरणी उभी धरली की ती रेघेच्या पोटात शिरते आणि आधार काढून घेते. ती आडवी, वडीशी थोड्याच कोनात धरली की रेघेला पाया उरतो. ताईंनी त्या दुपारी तीन रोहित कोरले. पहिल्याची मान गेली, दुसऱ्याचा पाय गेला, तिसरा उभा राहिला.

(दृश्य: शाईची गादी. ठसा उमटतो. अगदी जवळून.)

आता शाई. कचेरीत वापरतात ती जांभळी शाई साध्या कागदावर फुटते, म्हणून ती इथे चालत नाही. कार्डासाठी दोन प्रकारच्या शाया असतात. एक कागदात मुरते आणि लगेच वाळते. बारीक रेघांना ती बरी. दुसरी दाट असते, कागदाच्या पृष्ठभागावर बराच वेळ ओली राहते, आणि पुढे जे दिसणार आहे ते तिच्या याच ओलेपणावर अवलंबून आहे.

ओल्या ठशावर सोनेरी पूड भुरभुरवली जाते. कागद तिरका करून टिचकी मारली की जादा पूड खालच्या दुमडलेल्या कागदावर उतरते आणि तिथून पुन्हा बरणीत जाते. दाणाही वाया जात नाही. ओल्या रेघेवर मात्र ती चिकटून राहते. त्याआधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवलेली असते, नाहीतर दमट हवेत भलत्याच जागी पूड धरते. ठाण्याच्या पावसाळ्यात हे काम जवळजवळ बंदच असते.

(दृश्य: हीट गन. पूड वितळते. निवेदन नाही. हे दृश्य पूर्ण लांबीचे ठेवावे.)

केस वाळवण्याचे यंत्र इथे कामाचे नाही. त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे पूड वितळण्याआधी उडून जाते. या गरम हवेच्या बंदुकीने एका टोकापासून सुरुवात केली की मळकट दिसणारी पूड अचानक चकाकते आणि ती चकाकी रेघेवरून पुढे धावत जाते. चकाकी शेवटच्या टोकाला पोहोचली की हात मागे घ्यायचा. आणखी दोन क्षण रेंगाळले की उठाव बसतो आणि कागद पिवळा पडतो.

कार्डाचा कागद ३०० जीएसएमचा आहे, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ३०० ग्रॅम. ए-४ आकाराचा एक ताव मधोमध कापला की दोन कार्डे होतात. कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहिला जातो; ज्या वळणाला तो कमी विरोध करतो त्या वळणाच्या रेघेला त्याचे तंतू समांतर असतात आणि घडीही त्यांना समांतरच घालायची. आडवी घातली तर घडीवर भेगा पडतात. घडीआधी बोथट पट्टीने एक खोल रेघ दाबली जाते. ही घळ कार्डाच्या बाहेरच्या बाजूस यावी आणि तिचा उंचवटा आत जावा, असे छपाईवाले सांगतात. प्रथम ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. करून पाहावे.

(दृश्य: जांभळी नाक्याचा बाजार, दिवाळीपूर्वी. टांगलेले कंदील. मग टेबलावरचा कागदी कंदील.)

जांभळी नाक्याच्या बाजारात दिवाळीआधी टांगलेले हे कंदील पाहून नेरुळच्या मावशींनी कार्डावरचा कंदील बेतला. ठशाने उमटवलेला कंदील वेगळ्या कागदावर छापून, कात्रीने कापून, फोमच्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर बसवलेला आहे. त्यामुळे तो कार्डापासून दोन मिलिमीटर वर तरंगतो आणि त्याची सावली पडते. खालच्या झिरमिळ्या पतंगाच्या कागदाच्या आहेत. प्रत्येक झिरमिळी कात्रीच्या पात्यावरून ओढली की तिला बाक येतो. एका कंदिलाला अशा चौदा.

तयार कार्डे ओळखीच्यांत विकली जातात, साहित्याचा खर्च निघतो, फारसे उरत नाही.

(दृश्य: ठसे पुसले जातात. कागदात गुंडाळले जातात.)

काम संपले की ठसे ओल्या फडक्याने पुसले जातात. शाईचा डाग राहतोच, त्याने बिघडत काही नाही. प्रत्येक ठसा वेगळ्या कागदात गुंडाळून मगच डब्यात जातो, कारण आजचे बहुतेक खोडरबर प्लास्टिकच्या जातीचे असते आणि ते प्लास्टिकच्या डब्याला टेकून राहिले तर काही दिवसांत त्याला चिकटून बसते. बाईंची दुसरी पणती अशीच एका डब्याच्या तळाशी गेली. ती तिथेच आहे, त्या डब्यात आता टाचण्या असतात.

(दृश्य: जानेवारीची सकाळ. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. संक्रांतीचे पहिले कार्ड.)

साध्या पत्राच्या टपालदराची पहिली पायरी २० ग्रॅमची आहे. कार्डाचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, पाकिटाचे पाचेक ग्रॅम, आत लिहिण्यासाठी चिकटवलेल्या पातळ कागदाचे अडीच आणि रोहितच्या मागे लावलेल्या जाड पाठकोऱ्या तुकड्याचे जवळजवळ चार. काट्यावर आकडा २१ च्या जवळ जातो. बाई पाकीट रिकामे करतात, रोहितच्या मागचा जाड तुकडा सुरीने उकलतात आणि त्या जागी १२० जीएसएमचा निळसर कागद लावतात. काटा आता १९ च्या जवळ आहे.

मग बाई डब्यातून हलव्याचे तीन दाणे काढतात, चिमुकल्या पुडीत बांधतात आणि पाकिटात सोडतात. आकडा पाहतात. मग आणखी दोन दाणे टाकतात.