गोदामातली पुस्तकं कोणाची?

मंडळी, सुरुवात एका गोदामापासून करतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ऑलिव्ह ब्रांच नावाचं गाव आहे. तिथे डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्यूटर्स या वितरकाचं भलंमोठं गोदाम होतं आणि त्यात शंभराहून अधिक प्रकाशकांची कॉमिक्स परतीच्या बोलीवर ठेवलेली होती. म्हणजे विकलं गेलं की पैसे द्यायचे, तोवर माल प्रकाशकाचा. तुमच्यापैकी जे दिवाळी अंक काढतात, त्यांना ही बोली नवी नाही.

14 जानेवारी 2025 रोजी डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग जूनमध्ये कंपनीने न्यायालयाकडे परवानगी मागितली, की परतीच्या बोलीवरचा हा माल आम्हाला विकू द्या. येणारा पैसा जाणार होता कर्ज देणाऱ्या जेपी मॉर्गन चेस बँकेकडे. ज्यांनी कागद विकत घेतला, छपाईचं बिल भरलं, चित्रकाराला मानधन दिलं, त्या प्रकाशकांच्या हाती काही लागेल अशी आशा फारशी नव्हती. ते एकत्र आले, वकील दिले, हरकती घेतल्या.

तुम्ही विचाराल, दुसऱ्याचा माल विकायची परवानगी कुणी मागूच कसं शकतं? तिथल्या व्यापारी कायद्यात याचं उत्तर आहे. परतीच्या बोलीवर दिलेला माल आपलाच आहे, अशी नोंद मालकाने राज्य सरकारच्या दप्तरी आधीच करून ठेवावी लागते. तशी नोंद नसेल, तर वितरकाच्या कर्जदात्यांच्या लेखी तो माल वितरकाचाच धरला जाऊ शकतो. मोठ्या प्रकाशनांकडे अशा नोंदी करणारे वकील पगारावर असतात. पण राहत्या घरातून प्रकाशन चालवणाऱ्या दोन माणसांना हा कागद ठाऊक तरी कुठून असणार? त्यांनी वर्षानुवर्षं खोके पाठवले ते विश्वासावर. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

आणि त्यांनी दुसऱ्या कुणाकडे माल द्यायचा तर द्यायचा कुणाकडे? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेत कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जायची. न खपलेले अंक परत जायचे आणि ते नष्ट व्हायचे. या व्यवहारात लाखाच्या घरात छापणाराच टिकायचा. ब्रुकलिनमधले एक शाळामास्तर, फिल सूलिंग, यांनी 1973च्या सुमारास प्रकाशकांपुढे वेगळाच सौदा ठेवला. आम्हाला कमिशन जास्त द्या, आम्ही एकही अंक परत करणार नाही. दुकानदार आधी मागणी नोंदवणार, प्रकाशक तेवढंच छापणार. यात धोका सगळा दुकानदाराच्या अंगावर, हे खरं. पण जेमतेम भांडवलावर काही करू पाहणाऱ्यांसाठी एक दार उघडलं. 1984 साली केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघा तरुणांनी ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’चा पहिला अंक स्वतःच काढला, तो अवघ्या 3000 प्रतींचा, काळ्यापांढऱ्या रंगात. पुढे त्या कासवांचं काय झालं, हे इथल्या लहान मुलांनाही सांगावं लागत नाही.

त्या काळात वितरक अनेक होते. एकाने नाही म्हटलं, तर दुसऱ्याचं दार ठोठावता यायचं. ही स्थिती मोडली ती मार्व्हल या बड्या प्रकाशनाने. 1994च्या अखेरीस मार्व्हलने ‘हीरोज वर्ल्ड’ नावाचा वितरक विकत घेतला आणि पुढच्या वर्षी आपले सगळे अंक फक्त त्याच्यामार्फत द्यायला सुरुवात केली. बाकीच्या वितरकांच्या पायाखालची जमीन सरकली. डीसी, इमेज, डार्क हॉर्स या इतर मोठ्या प्रकाशकांनी घाईघाईने डायमंडशी, फक्त त्यांच्यामार्फतच विकण्याचे, एकनिष्ठतेचे करार केले. विस्कॉन्सिनमधला ‘कॅपिटल सिटी’ हा मोठा स्पर्धक 1996मध्ये डायमंडने गिळला. 1997मध्ये मार्व्हलचाच प्रयोग फसला, हीरोज वर्ल्ड बंद पडलं आणि मार्व्हलही डायमंडच्या दारात येऊन उभं राहिलं. भांडण मोठ्यांचं होतं, पण त्यातून लहानांसाठी एकच दार उरलं.

एकच दार उरलं, की त्याची उंची दारवान ठरवतो. 2009मध्ये डायमंडने नियम केला, की एखाद्या अंकाची मागणी आधीच्या 1500ऐवजी आता 2500 डॉलरच्या वर गेली तरच तो यादीत टिकेल. ही रक्कम छापील किमतीवर नव्हे, वितरक प्रकाशकाला जे देणार त्यावर मोजायची. लहान प्रकाशकाला छापील किमतीच्या साधारण चाळीस टक्के मिळायचे. म्हणजे तीन डॉलरच्या अंकाच्या दोन हजारांहून जास्त प्रती लागणार. पहिलाच अंक काढणाऱ्या, नाव नसलेल्या चित्रकाराने त्या कुठून आणायच्या? टर्टल्सचा पहिला अंक 3000चा होता, हे लक्षात घ्या. ही रेषा केवढी वर होती, त्यावरून कळेल.

त्यानंतरची घसरण भराभर झाली. मार्च 2020मध्ये कोरोनामुळे डायमंडने नवे अंक पाठवणं थांबवलं आणि प्रकाशकांची देणीही रोखून धरली. जूनमध्ये डीसीने संबंध तोडले. पुढच्या वर्षी मार्व्हल वितरणासाठी पेंग्विन रँडम हाऊस या पुस्तक-प्रकाशकाकडे गेलं, 2023मध्ये इमेज इंडियानातल्या ‘लूनर’ या वितरकाकडे. ज्यांच्या अंकांवर ट्रक भरायचे, ते निघून गेले. मागे राहिले ते बहुतेक लहान प्रकाशक, आणि बुडताना जहाजात तेच होते.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 2002मध्ये एलपीसी नावाचा पुस्तक-वितरक असाच बुडाला. त्याने ‘टॉप शेल्फ’ या जॉर्जियातल्या चिमुकल्या प्रकाशनाला दिलेला सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश वटला नाही. ही रक्कम मोठ्या प्रकाशनाच्या हिशेबात दिसणारही नाही. टॉप शेल्फ मात्र तेवढ्याने बंद पडणार होतं. त्यांनी वाचकांना पत्र पाठवलं: आम्ही बुडतो आहोत, शक्य असेल तर प्रत्येकाने पन्नास डॉलरची पुस्तकं घ्या. देणगी नको, पुस्तकं घ्या. एका दिवसाच्या आत पुरेशा मागण्या आल्या. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा गळा भरून येतो, कारण ते वाचक वितरकाला ठाऊकच नव्हते. त्यांचे पत्ते प्रकाशकाने कॉमिक्सच्या एकेका जत्रेत, टेबलामागे उभं राहून गोळा केले होते.

याच टॉप शेल्फने पुढे ‘मार्च’ काढलं. नागरी हक्कांच्या लढ्यातले जॉन लुईस यांचं ते तीन खंडांतलं चित्रमय आत्मकथन. त्याच्या तिसऱ्या खंडाला 2016चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. कॉमिक्सला तो त्याआधी कधीच मिळाला नव्हता. एक धनादेश वटला नाही, म्हणून त्याच्या चौदा वर्षं आधी हे प्रकाशन बंद पडलं असतं, तर लुईस यांनी ती पानं कुठे नेली असती, मला सांगता येत नाही.