एलिफंट बीचला जाण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत सहलीचे बेत सुरू होतात, आणि त्यात हल्ली अंदमानचं नाव निघतंच. तिथल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉक बेटावर, एलिफंट बीच आहे. गाडीरस्ता नाही, जेट्टीवरून बोटीने जायचं, नाहीतर जंगलातून पायी. जेट स्की, बनाना राइड, सी वॉक, सगळं मिळतं.

पण वेगाची मजा आपल्याला हनुवंतियालाही मिळते, इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर. अंदमानपर्यंत जायचंच तर पाण्याखाली बघायला जा. किनाऱ्यालगत उथळ पाण्यातच प्रवाळ आहेत. डोळ्यांवर मास्क, दातांत स्नॉर्कलची, म्हणजे श्वास घ्यायची नळी, आणि पालथं तरंगायचं. सुरुवातीला आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. तो संथ झाला की खालून कुटकुट आवाज येऊ लागतो. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडत असतो, आणि मधूनच मागे बारीक पांढऱ्या वाळूचा लोट सोडतो. कित्येक प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी अशीच तयार होते!

मात्र घाबरलं की माणूस आधी पाय टेकतो, आणि तिथेच घात होतो. दगडासारखा दिसणारा प्रवाळ जिवंत असतो. त्यातले मोठे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आपल्या टाचेखाली तुटलेला वीतभर तुकडा आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या वयाचा असू शकतो. समुद्र तापल्यामुळे २०१० मध्ये अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यात आपली भर कशाला?

म्हणून अगदी कळकळीने सांगते, निघण्याआधी घराजवळच्या तरणतलावात पालथं तरंगायला शिका. सराईत पोहता आलं नाही तरी चालेल, लाइफ जॅकेट असतं, गाइड रिंग धरून नेतो. महेश्वरच्या घाटावर आपण डुबकी मारतो आणि लगेच वर येतो. पाण्यात तोंड घालून निवांत पडून राहायची सवय वेगळी, ती करावी लागते. आजीआजोबांनाही जमते. उन्हासाठी सनस्क्रीनचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला बाधतात.

प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि बोट सकाळचीच घ्या. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.