जुलैत रिकामा होणारा देश

(दृश्य: हेलसिंकीतली रिकामी गल्ली. बंद दुकानाच्या दारावर चिकटवलेला कागद.)

जुलैमध्ये फिनलंडमध्ये कुणाकडे तुमचं काम अडलं असेल, तर ते अडूनच राहणार. ज्याची सही हवी तो रजेवर, त्याच्या जागी बसणाराही रजेवर. फोन केलात तर उत्तर ठरलेलं: ऑगस्टमध्ये बोलू. वर्षातले सात-आठ महिने थंडी-अंधारात काढणारा माणूस उन्हाचे हे चार आठवडे कचेरीत घालवायला तयार नाही, आणि त्यावरून त्याला कुणी बोलही लावत नाही.

मग हे सगळे जातात कुठे? पाण्यावर.

(दृश्य: ड्रोनमधून सायमा. बेटं, सामुद्रधुन्या, पुन्हा बेटं.)

हे सायमा. देशाच्या आग्नेयेला, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं, फिनलंडमधलं सर्वांत मोठं सरोवर. पण एका जागी उभं राहून ‘पाहिलं सायमा’ असं म्हणता येत नाही. समोर दिसतो तो किनारा बहुतेक वेळा बेटाचा असतो. अशी बेटं आहेत जवळपास १४ हजार.

हिमयुगातल्या बर्फाने हा खडक खरवडला, आणि मागे हटताना दक्षिणेला वाळू-गोट्यांचे लांबच लांब बांध टाकून गेला. त्यांच्याआड पाणी साठलं. बर्फाचा भार उतरल्यावर जमीन वर येऊ लागली, पण सगळीकडे सारखी नाही, वायव्येला जास्त. त्यामुळे सरोवर हळूहळू आग्नेयेकडे कलत गेलं आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या इमात्रा शहराजवळ पाण्याने बांध फोडला. वुओक्सी नदी जन्माला आली ती अशी. ती आजही सायमाचं पाणी रशियातल्या लाडोगा सरोवरात नेते. इमात्राचा धबाबा प्रवाह मात्र १९२९ पासून वीजकेंद्राच्या ताब्यात आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी पर्यटकांसाठी धरणाचे दरवाजे उघडतात. थोडा वेळ गर्जना, मग पुन्हा कोरडा खडक.

(दृश्य: आस्तुव्हान्साल्मीचा कडा. लाल रंगातली सांबरासारखी आकृती.)

पाणी उतरलं याची साक्ष इथे आहे. एल्क नावाची मोठी हरणं, माणसं, होड्या, हाताचे ठसे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी होडीत किंवा गोठलेल्या पाण्यावर उभं राहून ही चित्रं काढली. आज खालून मान वर करून बघावं लागतं, कारण सरोवर कित्येक मीटर खाली गेलंय.

(दृश्य: लाकडी घर, धक्का, धूर सोडणारं धुराडं.)

हे म्योक्की, म्हणजे उन्हाळी घर. ५६ लाखांच्या देशात अशी घरं पाच लाखांहून जास्त. हल्ली काहींत भांडी धुण्याचं यंत्र आणि वायफायही आलंय. पण जुन्या चालीच्या म्योक्कीत नळ नसतो, संडास अंगणापलीकडे असतो, लाकडं स्वतः फोडायची. शहरात सगळ्या सोयी असलेला माणूस मुद्दाम हौसेने गैरसोयीत राहायला येतो. दिवसाचं काम काय? लाकडं फोडणं, जाळं उलगडणं, डास मारणं. आणि संध्याकाळी सॉना. तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, उठलेली वाफ अंगावर घ्यायची, असह्य झालं की धक्क्यावरून थेट सरोवरात उडी. मग पुन्हा आत. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे झोपायची घाई कुणालाच नसते.

स्वतःचं घर नसलं तरी अडत नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालायला, एखादी रात्र तंबू टाकायला, ब्लूबेरी आणि अळंबी गोळा करायला, साध्या गळाने मासे धरायला इथे कुणाची परवानगी लागत नाही, की पैसे पडत नाहीत. अट एवढीच, की कुणाच्या अंगणात घुसायचं नाही आणि मालकाला विचारल्याशिवाय शेकोटी पेटवायची नाही. वणव्याचा इशारा असेल, तर मालकाची परवानगीही चालत नाही. मला विचाराल तर या देशाचं खरं वैभव या मोकळिकीत आहे.

(दृश्य: खडकावर पहुडलेला सील.)

हा मात्र इथला मूळ रहिवासी. सायमाचा वलयांकित सील, स्थानिक नाव नोर्पा. हिमयुगानंतर समुद्राशी संबंध तुटला आणि तो गोड्या पाण्यात अडकला. १९८० च्या दशकात दोनशेही उरले नव्हते. आज चारशेच्या पुढे आहेत. हे फुकट झालं नाही. पिल्लं जाळ्यात गुदमरतात, म्हणून १५ एप्रिल ते ३० जून या काळात त्यांच्या अधिवासात गिल-जाळी, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारी जाळी, टाकायला बंदी आहे. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, तर स्वयंसेवक सरोवरावर बर्फाचे ढीग रचून देतात, मादीला बीळ करता यावं म्हणून.

(दृश्य: साव्होनलिन्नाचा बाजार. कढईत तळले जाणारे मासे.)

मुइक्कू हा बोटभर लांबीचा मासा. राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळायचा आणि काट्यासकट खायचा. मागे दिसतोय तो ओलाव्हिनलिन्ना किल्ला. १४७५ मध्ये पूर्वेकडच्या रशियन स्वारीला तोंड द्यायला बांधलेला. १९१२ मध्ये आइनो आक्ते या गायिकेने याच्या अंगणात ऑपेरा महोत्सव भरवला. १९६७ पासून तो नेमाने होऊ लागला.

पूर्वेची चिंता मात्र जुनी झालेली नाही. लापेनरांता या सरोवराकाठच्या शहराहून सायमा कालवा निघतो, १८५६ चा. त्याचा खालचा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाच्या हद्दीत गेला. तरी काही वर्षांपूर्वीपर्यंत इथून सहलीच्या बोटी थेट रशियातल्या व्हिबोर्गला जात. आता सीमा बंद आहे, आणि बोटी फिनलंडच्या हद्दीतच फिरून परततात.

(दृश्य: पुंकाहार्यूची चिंचोळी टेकडी, दोन्ही बाजूंना पाणी, मधून रस्ता.)

यायचं असेल तर हेलसिंकीहून रेल्वेने पारिक्कालाला या, तिथे छोटी गाडी बदला. ती या पुंकाहार्यूवरूनच साव्होनलिन्नाला पोचते. सील पाहायचा असेल तर मेच्या अखेरीस या. तेव्हा तो कात टाकायला, म्हणजे केस बदलायला, खडकावर येतो. ऑपेरा जुलैत. ब्लूबेरी जुलैच्या शेवटापासून. डास मात्र जून-जुलैत हमखास.