पहिलटकरणीचं दूध खरंच पुरत नाही का?

(कॅमेऱ्यासमोर, शेजारी बाहुली, वाटी-चमचा आणि बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची छोटी वाटी)

बाळंतपणानंतरची तिसरी रात्र. बाळ तासातासाला उठतंय. अंगावर घेतलं की दहा मिनिटं चोखतं, डोळा लागतो, खाली ठेवलं की पुन्हा रडतं. पडवीतून कुणीतरी म्हणतं, "चेडवाक दूध येना नाय." आणि सकाळी एसटी धरून कुणीतरी पावडरचा डबा आणायला निघतं.

त्या माणसाला जरा थांबवा. दुसरी-तिसरी रात्र अशीच असते. आधी येतो तो चीक, दाट आणि पिवळसर. पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम चमचाभर, ५ मिलिलिटरच्या आसपास. बाळाला तेवढंच पुरतं. भरपूर पांढरं दूध उतरायला २ ते ४ दिवस लागतात, सिझेरियन असेल तर कधी एखादा दिवस जास्त. बाळ सारखं चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं, आणि त्याच्यावर दूध तयार होतं. आपल्याकडच्या झऱ्याच्या विहिरीसारखं आहे हे. उपसा झाला की पाणी भरतं. बाळाला वरचं दूध दिलं की ते तीन-चार तास झोपतं, अंगावरचं दूध तसंच साचतं, आणि भरलेला स्तन दूध बनवणं कमी करतो. मग दूध खरंच कमी पडायला लागतं.

आणि चीक पिळून टाकू नका, कुणी कितीही सांगो. गाय व्याली की पहिला चीक वासराला पाजतो, उरलेल्याचा खरवस करतो. मग आपल्याच बाळाच्या वाट्याचा चीक का टाकायचा? रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. जन्मल्यापासून तासाभरात बाळ अंगावर घ्यायचं. सिझेरियनमध्येही, आई शुद्धीवर असेल तर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळाला लावायचं कसं. दहापैकी आठ मिनिटं यावरच बोलायला हवीत, कारण दुखणं, चिरा, अपुरं दूध यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

(बाहुली हातात घेऊन)

पाठीला उशी घेऊन टेकून बसा. बाळाकडे वाकू नका, बाळ वर आणा. त्याचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं हवं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. नुसती मान वळवून बाळाला गिळता येत नाही, स्वतः करून बघा. नाक बोंडशीच्या, म्हणजे स्तनाग्राच्या, समोर ठेवा. बोंडशी वरच्या ओठाला हलकेच लावा आणि वाट बघा. जांभईएवढं तोंड उघडलं की पाठीला आधार देऊन बाळ झटकन जवळ घ्या. डोक्यामागून दाबू नका, बाळ मागे झटकतं.

नीट लागलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि भोवतीचा काळा भाग खालच्या बाजूला जास्त आत गेलेला दिसेल. गाल फुगीर राहतील, खड्डे पडणार नाहीत. आधी भराभर चोखेल, पान्हा फुटला की सावकाश घोट घेईल, आणि गिळण्याचा आवाज येईल. चुकचुक आवाज येतोय, चिमटा काढल्यासारखं सलग दुखतंय, तर बाळ फक्त बोंडशी चोखतंय. ओढून काढू नका. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा सोडवा, आणि पुन्हा लावा. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळ काखेत धरून, पाय मागे करून.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीही. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं करू नका, शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं.

दूध पुरतंय का, हे छातीच्या आकारावरून कळत नाही. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून निदान सहा. शी पहिली काळी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या आठवड्यात वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, तेव्हा वजन करून घ्याच. बाळ सुस्त पडलंय, प्यायला उठत नाही, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलाय, चौथ्या दिवसानंतरही लघवी विटकरी होतेय, तर वाट न बघता दवाखाना गाठा. काही आयांना थायरॉइडमुळे किंवा बाळंतपणात खूप रक्त गेल्यामुळे दूध खरंच कमी येतं. तिथे वरचं दूध लागतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावं. त्यात आईची चूक नाही.

छाती दगडासारखी भरली तर पाजण्याआधी कोमट ओला कपडा, थोडं दूध हाताने काढून काळा भाग मऊ करा, मग लावा. नंतर गार कपडा. एका जागी लाल, दुखरं आणि ताप असेल तर डॉक्टर, पण पाजणं थांबवू नका, थांबवलं तर गाठ वाढते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ओलसर ब्लाउज अंगावर राहतो, आणि बुरशी धरते. बाळाच्या जिभेवर न पुसली जाणारी पांढरी किटणं आणि तुम्हाला आग होत असेल तर औषध दोघांना एकदम लागतं.

वैशाखात घामाच्या धारा लागल्या तरी सहा महिने पाणी नको. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उकाडा वाढला की पाजण्याच्या वेळा वाढवा. मध तर वर्षभर जिभेला लावू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोटुलिझम होऊ शकतो, बाळाचे स्नायू लुळे पडतात.

बाळंतिणीच्या ताटाबद्दल थोडं. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात. नुसत्या पेजेवर आणि मेतकूट-भातावर ते भागत नाहीत. अळिवाचे, डिंकाचे लाडू खुशाल खा. मासे बंद करायची गरज नाही, बांगडा, तारली, मुडदुशी उत्तम. मात्र दूध वाढावं म्हणून मोरी देतात, ती टाळा. मोरी म्हणजे शार्क, मोठा शिकारी मासा, त्याच्या अंगात पारा साठतो.

(वाटी-चमचा पुढे घेत)

कामावर परतायचं असेल तर दूध हाताने काढायला आधीच शिका. साबणाने हात धुवा. काजूच्या कारखान्यात असाल तर दोनदा, टरफलाचं तेल कातडी भाजतं. अंगठा वर, बोट खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवर घासू नका. पहिली दोन मिनिटं थेंबही येत नाही, म्हणून सोडू नका. २५ अंशांपर्यंत हे दूध चार तास टिकतं, आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन तासांत संपवा. फ्रिजमध्ये चार दिवस, पण जिथे वीज जाते तिथे एकाच दिवसाचा भरवसा धरा. गॅसवर उकळू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवा. बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं. ते बाळाच्या खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला ओढून घेऊ द्या. आपण ओतायचं नाही.