घड्याळजी आणि शिशाची ओळ

आधी आवाज ऐका. पितळेचे छोटे साचे नळीतून घरंगळत येतात, खळखळ, खळखळ. मग क्षणभर शांतता. आणि तबकात येऊन पडते शिशाची एक चकचकीत पट्टी, हात भाजेल इतकी गरम. पट्टीच्या कडेवर मजकुराची अख्खी ओळ, उलट्या अक्षरांत.

छपाईसाठी अख्खी ओळ ओतणारं हे यंत्र म्हणजे लायनोटाइप. ते घडवणारा ओटमार मर्गेनथालर मुळात घड्याळजी. जन्म ११ मे १८५४, जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधलं हाख्टेल गाव. वडील शाळामास्तर. मुलाला यंत्रविद्या शिकायची होती, पण घरची ऐपत नव्हती. म्हणून तो सावत्र आईच्या भावाकडे, घड्याळजी मामाकडे, उमेदवारीला राहिला. १८७२ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, त्याने अमेरिकेची बोट धरली. वॉशिंग्टनला मामेभावाचा विजेची उपकरणं बनवण्याचा कारखाना होता. तिथे हाताला काम मिळालं.

त्या काळी छापखान्यात एकेक खिळा, म्हणजे एका अक्षराचा धातूचा ठसा, हाताने उचलून ओळ जुळवत. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा निवडून आपापल्या खणात ठेवायचे. वर्तमानपत्राची पानं वाढणार कशी? जेम्स क्लेफेन नावाच्या लघुलेखकाला या दिरंगाईवर उपाय हवा होता. १८७६ मध्ये त्याच्या मंडळींचं एक बिघडलेलं यंत्र दुरुस्तीसाठी ओटमारपुढे आलं, आणि पुढची १० वर्षं त्या ध्यासात गेली. १८८३ मध्ये त्याने बाल्टिमोरला स्वतःचं वर्कशॉप थाटलं. आता कारागीर तोच आणि मालकही तोच.

खरी कमाल इथे आहे, म्हणून जरा थांबू. कळ दाबली की त्या अक्षराचा पितळी साचा खाली उतरतो. ओळ भरत आली की शब्दांमधल्या पाचरी वर सरकतात आणि ओळ दोन्ही कडांना नेमकी बसते. मागून शिसं, कथील आणि अँटिमनीचा वितळलेला रस येतो, ओळ ओतली जाते. आणि साचे? एक लांब हात त्यांना उचलून वर नेतो. प्रत्येक साच्याच्या डोक्यावर दात कापलेले, प्रत्येक अक्षराचे वेगळे. वरच्या दांड्यावरून सरकताना, जिथे त्या दातांचा आधार संपतो, तिथे साचा सुटतो आणि थेट स्वतःच्या घरात पडतो. निवडायला माणूस लागतच नाही. हे सुचायला बोटांत घड्याळाची चक्रं मुरलेली असावी लागतात, असं मला मनापासून वाटतं.

३ जुलै १८८६. न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून वर्तमानपत्रात हे यंत्र कामाला लागलं. नाव पडलं लायनोटाइप, म्हणजे अक्षरांची ओळ.

त्याच्या कळा ९०. इंग्रजीला पुरेशा, आपल्या काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना अपुऱ्या. १९३०च्या दशकात हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये राहून देवनागरी लिपी या यंत्रात बसवली. आपल्याकडच्या छापखान्यांत 'लायनो' हा शब्द रुळला तो याच यंत्रामुळे.

पण यंत्र बनवणाऱ्या कंपनीत पैसा वर्तमानपत्रांच्या मालकांचा होता. त्यांना यंत्रं भराभर हवी होती, ओटमारला ती आणखी सुधारायची होती. वाद वाढत गेला आणि १८८८ मध्ये त्याने कंपनी सोडली. हातोडा मात्र खाली ठेवला नाही. बाल्टिमोरच्या आपल्या वर्कशॉपात तो सुधारणा करतच राहिला. १८९० मध्ये बाजारात आलेलं सुटसुटीत यंत्र त्याचंच. स्वतःच्याच यंत्राच्या कंपनीतून असं बाहेर पडणं त्याला किती जड गेलं असेल!

१८९४ मध्ये क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी तो न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग गावी जाऊन राहिला. तिथे घराला आग लागली आणि आत्मचरित्रासाठी लिहून ठेवलेले कागद जळाले. तो बाल्टिमोरला परतला. २८ ऑक्टोबर १८९९ रोजी तिथेच त्याने डोळे मिटले. वय ४५.