गावात परसदाराने शिरताना

मंडळी, इंग्लंडच्या कालव्यांवरून नॅरोबोटीने, म्हणजे तिथल्या लांब, अरुंद बोटीने फिरायचं म्हटलं की लोक आधी वेग विचारतात. मर्यादा ताशी ४ मैलांची, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्याही आत. काठावरून झपझप चालणारा माणूस तुम्हाला सहज मागे टाकतो. मग एवढं रेंगाळत जायचं कशासाठी? तिथली कितीतरी गावं या पाण्याच्या जिवावर वाढली, म्हणून. रेल्वे तुम्हाला गावाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवते. कालवा परसदारी उतरवतो, जिथे कोळसा आणि माती उतरायची.

आज ट्रेंट अँड मर्सी या एकाच कालव्याबद्दल बोलतो. लांबी सुमारे १५० किलोमीटर. १७६६ साली त्याची पहिली कुदळ मारली जोसाया वेजवुडने, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने. त्या काळच्या खडबडीत रस्त्यांवरून माल नेताना भांडी फुटायची. कॉर्नवॉलची पांढरी माती समुद्रमार्गे मर्सी नदीपर्यंत यायची, तिथून पुढे पुन्हा तेच रस्ते. पाण्यावर मात्र एकच घोडा २५ टन माल ओढू शकत होता. वेजवुडने आपला नवा कारखाना, एट्रुरिया, कालव्याच्या मार्गावरच बांधला.

कालव्याची आखणी अभियंता जेम्स ब्रिंडलीची. त्याने या कालव्याचे बरेचसे लॉक, म्हणजे बोटीला चढ-उतार पार करून देणारे कप्पे, जेमतेम ७ फूट रुंद ठेवले. अरुंद लॉक बांधायला स्वस्त, आणि पाणीही कमी लागतं. त्या मापातून ही लांबलचक, अरुंद बोट जन्मली.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, खालची दारं लावायची, हँडल फिरवून वरच्या झडपा उचलायच्या. पाणी भरतं तशी बोट वर चढते. मग दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून ते रेटायचं. पंप नाही, वीज नाही, सगळं काम पाण्याचं वजनच करतं. पण दर खेपेला लाखभर लिटर पाणी खाली जातं, म्हणून माथ्याच्या टप्प्याला पाणी पुरवायला तलाव बांधावे लागले. व्हीलॉकहून किड्सग्रोव्हकडे चढताना पंचवीसहून अधिक लॉक लागतात. संध्याकाळी दंड भरून येतात, आणि अडीचशे वर्षांपूर्वीची अभियांत्रिकी तेव्हा खरी अंगात भिनते.

चढ संपला की हेअरकॅसल बोगदा. आजूबाजूच्या लोहखनिजामुळे इथलं पाणी गंजासारखं तांबूस. ब्रिंडलीचा पहिला बोगदा खणायला ११ वर्षं लागली. ब्रिंडली १७७२ सालीच वारला, त्याने तो पुरा झालेला पाहिला नाही. आत घोड्याला वाट नव्हती. घोडा डोंगरावरून जायचा आणि माणसं बोटीत आडवी होऊन भिंतींना पाय रेटत अंधारातून बोट पुढे ढकलायची. इंग्लंडच्या वैभवाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, या पायांबद्दल कोणी बोलत नाही. अभियंता थॉमस टेलफर्डचा दुसरा बोगदा १८२७ सालचा. आज त्यातून पाऊणएक तासात बाहेर पडता येतं.

बाहेर स्टोक-ऑन-ट्रेंटची कुंभारगावं. इथे उतराच. बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांहून अधिक भट्ट्या इथे धुमसत असत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाच्या भट्ट्या विझत गेल्या, आणि आज पन्नासही उभ्या नाहीत. त्यांतली एक बर्स्लेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत आहे. १८८९ साली उभारलेला हा कारखाना थेट काठावर आहे. इथे मूळ सात भट्ट्या होत्या. आत आजही पातळ कागदावर उमटवलेली नक्षी हाताने भांड्यांवर चढवतात. समोरच्या रस्त्याने आलात तर विटांची एक लांब भिंत दिसेल. पाण्याकडून आलात तर माती कुठे उतरायची आणि तयार भांडी कुठून बोटीत चढायची, ते कोणी न सांगता कळतं.